खाल्ल्या मिठाला

आगरवाड्याच्या बांधावर पहाटे चावी फिरवली
तर गाडी फक्त 'टक्' म्हणाली.
पुन्हा टक्.
वाळक्या काटकीवर कुणी पाय द्यावा, तसं.

मागे बावीस गोणी गावठी मीठ.
एप्रिल, म्हणजे घरोघर लोणच्याची घाई,
शिवाय माडांच्या मुळांत घालायला
पार्सेच्या खातूंनी सांगून ठेवलेल्या चार गोणी वेगळ्या.
आगरातल्या चौघांनी छोट्या हत्तीला ढकललं,
उतारावर तो कसाबसा शिंकला,
आणि मी चोपड्यापर्यंत ब्रेकला भीत भीत आले.

बोस्त्यांव शेडच्या दारात चहात पाव बुडवत होता.
पाव संपवला, मग वाकून हौद्याखाली बघितलं.
"आगे, हें पळय."
टर्मिनलवर निळं-हिरवं फूल आलेलं, कडेला पांढरी बुरशी,
पोफळींवर फवारायला मोरचूद भिजवतात ना,
अगदी तो रंग.
सुंदर होतं. त्याला बोलले नाही.
वरच्या गोणींतलं पाणी थेंब थेंब
पत्र्याच्या भोकातून नेमकं त्याच जागी.
किती वर्षं?
गाडी घेतल्यापासून. म्हणजे सहा.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आई आगरातल्या माणसांना सांगायची.
मिठानेच खाल्लं तर कुणी कुणाला जागायचं
ते तिने सांगितलं नाही.

त्याने दहाचा पाना माझ्याच हातात दिला.
"दर खेपे हांव मेळचों ना. शिक.
आदीं आंगठी काड."
सोनं असो की लोखंड, विजेला दोन्ही सारखंच,
पान्याला टेकलं तर बोट हाडापर्यंत भाजतं.
अंगठी निघेना.
अनंता गेला तेव्हाही निघाली नव्हती,
सासरच्या बायकांनी साबण लावला, दोरा गुंडाळला,
शेवटी राहू दे म्हणाल्या, मिठाच्या पाण्याने बोटं सुजलीत हिची.
बोस्त्यांवने ग्रीसचा डबा पुढे सरकवला
आणि दुसरीकडे बघत राहिला.
निघाली.
खाली पांढरा पट्टा, नऊ वर्षं ऊन न लागलेला.

आधी काळी, मग तांबडी.
ठोकायचं नाही, हलवत हलवत उचलायचं,
दुधाचा दात असल्यासारखं.
कोमट पाण्यात खायचा सोडा, भज्यांत घालतो तोच,
जुना टूथब्रश. फसफसून निळं उतू गेलं
आणि पायाशी मातीत जिरलं.
केबलचं टोक कापलं, आत तांबं काळं.
बोटभर आणखी, तरी काळं.
तिसऱ्या खेपेला लखलखलं.
"आतां पुरूंक जाय," तो म्हणाला.
पुरली. जेमतेम.
नवं पितळी टर्मिनल आवळलं,
वरून व्हॅसलीन, आवळल्यावरच, आधी नाही.
हौद्याच्या भोकावर रबराचा तुकडा, गोणींखाली ताडपत्री.

आणि जोडताना सगळं उलटं, त्याने दोनदा बजावलं:
आधी तांबडी. काळी शेवटी.
जे पहिलं काढलं ते सगळ्यात शेवटी लावायचं.

चावी फिरवली. टक् नाही.
त्याने दोनशे घेतले आणि एक पायली मीठ,
मीठ मापताना मी हात आखडला नाही.

पार्सेला खातूंनी सुटे मागितले.
डॅशबोर्डच्या खणात नाण्यांत हात घातला
तेव्हा ती लागली, ग्रीसने बुळबुळीत.
दोन पाचाच्या नाण्यांबरोबर ती देऊन बसले असते.
बाजूला केली.
बोटावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर उरलेलं व्हॅसलीन चोळलं,
वारा खारा होता म्हणून.

अजून तुयेच्या तीन गोणी बाकी आहेत.